जेट बोटीच्या बिल्जमध्ये पाणी येते तेव्हा: गळतीचा उगम शोधण्याची पद्धत

जेट बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या आतल्या सर्वांत खालच्या भागात, पाणी साचत असेल, तर ते केव्हा येते हे आधी ठरवावे आणि कुठून येते हे नंतर शोधावे. बहुतेक जण याच्या उलट करतात. इंजिनावरचे झाकण उघडतात, सर्वांत ओला दिसणारा सांधा निवडतात, त्यावर सीलंट थापतात आणि पुढच्या फेरीनंतर पाणी पुन्हा तेवढेच निघाले की दुसरा सांधा धरतात. पाणी मात्र उतार धरून वाहते, तळाच्या लांब आडव्या-उभ्या आधारांच्या कडेने मागे सरकते आणि जिथे साचलेले दिसते तिथूनच शिरलेले असते असे नाही. याउलट ते बोटीच्या कोणत्या अवस्थेत शिरते हे एकदा पक्के झाले, की पंधरा-वीस संशयित जागांपैकी दोन-तीनच उरतात. कारण प्रत्येक सांध्यावर पाण्याचा दाब ठरावीक अवस्थेतच येतो, आणि दाब नसेल तेव्हा फाटके गॅस्केटसुद्धा (दोन भागांमध्ये दाबलेली पाणी अडवणारी चकती) कोरडे राहते.

या लेखातले वर्णन मुख्यतः १९७० च्या दशकातील अमेरिकन फायबरग्लास बोटींना लागू पडते, ज्यांत आतल्या बाजूला व्ही-८ इंजिन आणि त्याला थेट जोडलेला बर्कली कंपनीच्या पद्धतीचा जेट पंप असतो. अशा बोटी अमेरिकेतल्या तलावांवर आजही जुन्या बाजारात मिळतात. न्यूझीलंडमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नदीबोटींची रचना काही बाबतींत निराळी असली, तरी शोधण्याची पद्धत तीच राहते. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या जेट स्कीही याच तत्त्वावर चालतात, तेव्हा त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

पाणी शिरू शकेल अशी रचना

जेट बोटीला तळाखाली पंखा नसतो. तळाच्या मागच्या भागात एक मोठे तोंड, म्हणजे इनटेक, कापलेले असते. तिथून पाणी पंपात ओढले जाते, इंपेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे फिरते चाक, त्याला ढकलतो आणि ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतून, बाहेर आलेल्या नॉझलवाटे ते जोराने मागे फेकले जाते. १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी दगडगोट्यांच्या उथळ नद्यांसाठी ही पद्धत व्यवहारात आणली. १९७७ मध्ये एडमंड हिलरी यांची मोहीम बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध जेट बोटींनीच नंदप्रयागच्या परिसरापर्यंत चढून गेली होती. बाहेर काही लोंबत नसल्यामुळे बोट वीतभर पाण्यातूनही जाते, हा या रचनेचा फायदा. त्यासाठी बोटीच्या अंगाला मुद्दाम पाडलेली दोन मोठी भोके, एक तळाला आणि एक ट्रान्समला, कायम पाण्याखाली बंद राखावी लागतात. तिसरी वाट शाफ्टची असते. इंजिनाकडून येणारा फिरता शाफ्ट पंपाच्या पाणी भरलेल्या भागात जिथे शिरतो, तिथे पाणी अडवणारी ग्लँड (शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या दोरीचे पॅकिंग) किंवा सील असते.

शेतातल्या विहिरीवरचा सेंट्रिफ्युगल पंप ज्याने चालवला आहे, त्याला हा पंप परका वाटणार नाही. इंपेलरच्या अलीकडची बाजू सक्शनची आणि पलीकडची डिलिव्हरीची. बोट थांबलेली असताना किंवा मंद गतीत एकदम थ्रॉटल दिल्यावर सक्शन बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जाऊ शकतो. अशा वेळी तिथल्या ढिल्या सांध्यातून पाणी आत येण्याऐवजी पंप हवा धरतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. तीच बोट धक्क्याला शांत उभी केली, की त्याच सांध्यातून पाणी झिरपू लागते. म्हणून ‘पंप हवा धरतो’ आणि ‘उभ्या बोटीत पाणी येते’ या दोन तक्रारी एकत्र असतील, तर शोध सक्शन बाजूपासूनच सुरू करावा: इनटेकचे गॅस्केट, पंपात अडकलेला कचरा काढण्यासाठी वर ठेवलेल्या हात घालण्याच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल कडी), आणि शाफ्टची ग्लँड.

डिलिव्हरी बाजूचे वागणे वेगळे असते. पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर जो दाब असतो, तो ४,००० फेऱ्यांवर साधारण १६ पट होतो. त्यामुळे धक्क्यावर इंजिन मंद चालत असताना ज्या सांध्यावर एखादा थेंब जमतो, तोच सांधा पूर्ण थ्रॉटलला बारीक पण जोरदार धार मारतो. पंपाचा मागचा भाग आणि सक्शनचा भाग यांमधली ओ-रिंग, तसेच इंजिन थंड करण्यासाठी याच दाबाच्या बाजूने पाणी घेणारा होज व त्याचे क्लॅम्प या गटात येतात. होजवरची बारीक चीर उभ्या बोटीत कितीही निरखली तरी दिसत नाही.

आधी मोजमाप

किती पाणी येते हे अंदाजाने ठरवू नये. स्वयंचलित बिल्ज पंप बंद ठेवून आणि माणूस शेजारी बसवून, बिल्ज पूर्ण कोरडे केल्यानंतर ठरावीक वेळात जमलेले पाणी स्पंजने टिपून मापात मोजावे. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर मिनिटाला १० थेंब म्हणजे तासाला ३० मिलिलिटर, आणि दिवसभरात पाऊण लिटरही नाही. मिनिटाला ६० थेंब पडले तरी २४ तासांत सव्वाचार लिटरच होतात. तेव्हा ग्लँड सेकंदाला एक थेंब टाकते आणि बिल्जमध्ये तासात बादलीभर पाणी येते, असे असेल तर ग्लँड निर्दोष आहे असे नाही, पण मुख्य गुन्हेगार दुसराच आहे हे निश्चित. हा साधा हिशेब न केल्यामुळे लोक ग्लँड आवळत बसतात आणि शेवटी शाफ्ट खराब करतात.

दुसऱ्या टोकाचा हिशेबही ठाऊक असावा. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे भोक उघडे राहिले, म्हणजे व्यवहारात ड्रेनचे बूच लावायचे विसरले, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते; तासाला अडीच हजार लिटरच्या आसपास. लहान बोटींत सर्रास दिसणारा, तासाला ५०० गॅलन म्हणजे सुमारे १,९०० लिटरचा बिल्ज पंप या पाण्याला पुरा पडत नाही, कारण त्याच्यावर छापलेला आकडाही होज न जोडता, उंची न चढवता मोजलेला असतो. स्वयंचलित पंप हा सुरक्षेसाठी असतो. पण तो मुकाट्याने पाणी फेकत राहतो आणि गळती वाढते आहे हे मालकाला कळतच नाही. त्याच्या तारेवर एक लहान दिवा लावून तो डॅशबोर्डवर आणावा, असा माझा आग्रह आहे. पंप चालू झाल्याचे दिसले पाहिजे.

सफाई आणि इंधनाची काळजी

तेल, ग्रीस आणि काळी माती साचलेल्या बिल्जमध्ये गळती शोधणे व्यर्थ आहे. बिल्ज आधी धुऊन, पुसून, हात फिरवला तर हाताचे बोट कोरडे राहील इतके स्वच्छ करावे. मात्र त्यापूर्वी वास घ्यावा. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल, तर विजेवर चालणारा व्हॅक्यूम वापरू नये, बॅटरीच्या तारा काढू-लावू नयेत आणि पाण्याची गळती बाजूला ठेवून आधी इंधनाची गळती शोधावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बिल्जमध्येच बसून राहते, आणि व्हॅक्यूमच्या मोटारीची एक ठिणगी पुरते. पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, किमान ४ मिनिटे चालवावा, ही अमेरिकी तटरक्षक दलाची सूचना प्रत्येक वेळी पाळावी. झाकण उघडे ठेवून तपासणी करतानाही ती लागू आहे. तेलाचा तवंग असलेले पाणी तलावात किंवा नदीत सोडू नये. ते टिपून घेऊन वेगळ्या डब्यात ठेवावे.

सफाई करताना जुन्या खुणा मात्र पुसण्याआधी पाहून, फोटो काढून ठेवाव्यात. पाणी वाळल्यावर क्षारांचा पांढरा ओघळ उरतो, लोखंडी बोल्टखाली तांबूस, तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरट भुकटी दिसते. अशा ओघळाचे खालचे टोक काही सांगत नाही. वरचे टोक जिथे संपते तिथे टॉर्च धरावा.

वरून येणारे पाणीही याच वेळी वेगळे काढावे. पावसात कव्हरला झोळ पडून आत पाणी उतरणे, पोहून आलेल्यांच्या अंगावरचे पाणी, बर्फाच्या पेटीचे निथळणारे पाणी, काचेच्या चौकटीखालची फट, या सगळ्यांचे पाणी शेवटी बिल्जमध्येच जाते. कोरडी केलेली बोट ट्रेलरवरच ठेवून नळीने आधी फक्त डेकवर, मग काचेवर, मग कडेच्या रबरी पट्टीवर पाणी मारावे आणि आत पाहावे. पट्टीखाली डेक आणि हल, म्हणजे बोटीचे खालचे अंग, यांचा सांधा असतो. तो उघडला असेल तर बोट शांत पाण्यात कोरडी राहते आणि लाटांत किंवा जास्त माणसे बसल्यावरच पाणी घेते.

पाणी कोणत्या अवस्थेत शिरते

पहिली अवस्था ट्रेलरवरची. इंजिन बंद ठेवून बिल्जमध्ये थोडे स्वच्छ पाणी ओतावे आणि बोटीखाली वाकून बाहेरून पाहावे. पाणी जिथून आत येते, त्या बहुतेक वाटांनी ते बाहेरही जाते. ड्रेनच्या पितळी बुडाभोवती, इनटेकच्या कडेला, ट्रान्समवरच्या एखाद्या स्क्रूजवळ ओली रेघ उमटते. ओतायचे पाणी स्टार्टर मोटर, तारा आणि इंजिनाचा तेलाचा खालचा भाग यांच्या बरेच खाली राहिले पाहिजे. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि ट्रेलरवरच्या बोटीला ते सगळीकडून तोललेले नसते, हेही ध्यानात ठेवावे. या चाचणीत एक उणीव आहे: रबरी ओठ असलेली सीले आणि एक्झॉस्टवरच्या झडपा एकाच दिशेने पाणी अडवतात, म्हणून त्यांच्याबद्दल तिचा निर्णय ग्राह्य धरू नये.

दुसरी अवस्था तरंगत्या, बंद इंजिनाच्या बोटीची. बोट ट्रेलरला बांधलेलीच ठेवून ट्रेलर उताराच्या धक्क्यावरून पाण्यात मागे न्यावा, इतका की बोटीचा मागचा भाग नेहमीच्या पातळीपर्यंत बुडेल. गळती मोठी निघाली तर गाडी पुढे घेतली की झाले. अर्धा तास बोटीत बसून टॉर्च घेऊन पाहावे. प्रत्येक संशयित सांध्याखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला, की ओला होण्याचा क्रम कळतो. सर्वांत आधी भिजलेला तुकडा महत्त्वाचा. सपाट पृष्ठभागावर टाल्कम पावडरची पातळ फूंक मारली, तर पाण्याचा पहिला ओघळ तिच्यात काळी वाट काढत जातो आणि ती वाट उलटी चालत गेले की उगम सापडतो. माझ्या अनुभवात महागड्या उपकरणांपेक्षा पावडरच अधिक खात्रीची ठरते. या अवस्थेत पाणी आले तर संशय इनटेकवर, ट्रान्समच्या मोठ्या सीलवर, ग्लँडवर, ड्रेनच्या बुचावर, सुकाणू व रिव्हर्सच्या केबलींच्या रबरी बुटांवर आणि वेगमापकाच्या नळीसारख्या ट्रान्समवरच्या लहानसहान जोडण्यांवर येतो. ड्रेनचे बूच घट्ट वाटले तरी आटे झिजलेले असू शकतात. शिवाय बुचाभोवतीची चकती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते, त्या भोकांतून ट्रान्समच्या लाकडात पाणी मुरते.

तिसरी अवस्था धक्क्याला बांधलेल्या, मंद चालत्या इंजिनाची. आता थंड करणारे पाणी इंजिनातून फिरू लागते, म्हणून दुसऱ्या अवस्थेत कोरडी राहिलेली बोट या अवस्थेत ओली झाली तर पंप सोडून इंजिनाकडे वळावे. या पाण्याची ओळख हाताला लगेच पटते, कारण इंजिन तापल्यावर ते कोमट असते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे पाणी काढण्याचे छोटे कॉक हिवाळ्यानंतर उघडे राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. थंड प्रदेशात इंजिनात पाणी राहून गोठले असेल, तर गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या बाहेर ढकलल्या जातात किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जातो. असा तडा मॅनिफोल्डच्या खालच्या अंगाला असला तर दिसत नाही, हात फिरवून किंवा आरसा धरून पाहावा लागतो. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडणाऱ्या बोटींत रबरी होजही तपासावेत. ते कडक होऊन क्लॅम्पच्या कडेला चिरतात, आणि त्या चिरेतून पाण्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, म्हणून ही दुरुस्ती पुढे ढकलू नये. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर पाणी इंजिनाच्या आत गेलेले आहे आणि इंजिन पुन्हा सुरू करू नये.

चौथी अवस्था वेगाची. हिच्यात आणि आधीच्या अवस्थांत एक उपयोगी फरक आहे. बोट पाण्यावर उचलून धावू लागली की पाणी तळाच्या मागच्या कडेवरून सरळ सुटते आणि ट्रान्सम जवळजवळ कोरडा पडतो. त्यामुळे उभे असताना येणारे पाणी वेगात थांबत असेल, तर दोष ट्रान्समवरच्या एखाद्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी. उलट वेगातच येत असेल आणि उभे असताना अजिबात नसेल, तर डिलिव्हरी बाजूची ओ-रिंग, थंड पाण्याचा होज किंवा तळाला गेलेला तडा. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींत असा तडा बहुधा इनटेकच्या कोपऱ्यांशी किंवा वेल्डच्या कडेला असतो आणि लाटेच्या माराने तळ वाकतो तेव्हाच उघडतो. ट्रेलरवर तो केसाएवढा मिटलेला असतो.

वेग घेताना एकदम मागे येणारे पाणी मात्र फसवे असते. बोटीचे नाक वर उचलले की पुढच्या भागात, बोट तरंगती राहावी म्हणून भरलेल्या फोमच्या कप्प्यांत आणि आधारांच्या मागे अडकलेले जुने पाणी मागे धावते, आणि नवी गळती झाल्यासारखे वाटते. फेरीनंतर कोरडी करून ठेवलेली बोट दोन दिवसांनी पुन्हा ओली सापडत असेल, आणि ती मधल्या काळात पाण्यात गेलीच नसेल, तर पाणी फोमने पिऊन धरलेले आहे. जुन्या बोटींत हे फार आढळते. बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर नेऊन, ट्रेलर, इंधन आणि सामान यांचे वजन वजा करून, निर्मात्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. शंभर-दोनशे किलोंचा खुलासा होत नसेल, तर एखादा सांधा सील करून हा प्रश्न सुटणार नाही.

वेगाची चाचणी करताना माणसाने उघड्या झाकणातून शाफ्टवर वाकून पाहू नये. सैल बाही, ओढणी, लाइफ जॅकेटचा बंद शाफ्टमध्ये गुंतायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा जलरोधक कॅमेरा आणि एक दिवा आत पक्का बांधावा, झाकण लावावे, आणि आधी दोन मिनिटे मंद, मग मध्यम, मग पूर्ण वेग असा क्रम मोठ्याने बोलत चालवावा, म्हणजे चित्रफीत पाहताना कोणत्या क्षणी कोणती गती होती हे ऐकू येते. चालकाच्या अंगाला इंजिन बंद करणारी दोरी आणि सर्वांच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. शेवटी एकदा वेगातून झटकन थांबून पाहावे. बोटीने मागे उठवलेली लाट तेव्हा ट्रान्समवर येऊन आदळते, आणि एक्झॉस्टच्या नळकांड्यांवरची झडप मोडलेली असेल किंवा बिल्ज पंपाचे बाहेरचे तोंड फार खाली असेल, तर पाणी त्या वाटेने आत येते. पंपाच्या होजला आत उंच वळसा दिलेला नसेल, तर असे उलटे आलेले पाणी सायफनसारखे वाहतच राहते. होजमध्ये नुसती एकदिश झडप टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण एक काडी अडकली की ती उघडी राहते.

ग्लँडविषयी सविस्तर

पॅकिंगची ग्लँड असलेल्या पंपात शाफ्टभोवती चरबी किंवा तत्सम वंगण मुरवलेली दोरी वेटोळ्यांनी बसवलेली असते आणि पुढची पट्टी दोन नटांनी तिला दाबून धरते. ही ग्लँड चालू असताना मिनिटाला काही थेंब टाकत असेल तर ती ठीक आहे. तो थेंबच दोरीला आणि शाफ्टला थंड ठेवतो. पूर्ण कोरडी होईपर्यंत ती आवळली, तर दोरी जळते, शाफ्टवर खाचा पडतात, आणि नंतर कितीही नवी दोरी भरली तरी पाणी अडत नाही.

ग्लँडची गळती ओळखण्याची एक नेमकी खूण आहे. शाफ्टवर, ग्लँड आणि बेअरिंग यांच्यामध्ये, पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून बहुधा एक रबरी चकती बसवलेली असते. थेंब ग्लँडच्या खालच्या कडेला जमतो, शाफ्टवरून सरकत चकतीपर्यंत येतो आणि तिथून गोलाकार उडवला जातो. म्हणून बिल्जच्या दोन्ही बाजूंना आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, शाफ्टला काटकोनात असलेली बोटभर रुंदीची ओली पट्टी दिसली, तर पाणी ग्लँडचेच आहे. आणि ती पट्टी ग्रीसने पिवळट असेल, तर चकती सरकलेली आहे व पाणी बेअरिंगमध्ये शिरू लागले आहे. पंपाच्या होजमधून उडालेले पाणी असे सरळ रेषेत कधी पडत नाही, ते पंख्यासारखे पसरते.

दोरी बदलताना जुनी वेटोळी सगळी काढावीत. वरून एक-दोन नवी भरून काम भागवले, तर आतली कडक झालेली दोरी शाफ्ट खात राहते. शाफ्टवरून नख फिरवावे. नख अडकले तर शाफ्ट किंवा त्यावरची बाही बदलावी लागेल. प्रत्येक वेटोळे वेगळे कापून, त्याचा सांधा आधीच्या सांध्याच्या समोर येणार नाही असे फिरवून बसवावे, नट हाताने घट्ट करावेत, इंजिन चालवून पाहावे आणि मग दोन्ही नट सारखेच, एका वेळी पान्याच्या षष्ठांश फेरीहून अधिक नाही असे, थोडेथोडे आवळत जावे. थोडा वेळ चालवल्यानंतर इंजिन बंद करून, शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच ग्लँडला हात लावावा; ती कोमट लागली तर चालेल, चटका बसला तर ढिली करावी. बोट खाऱ्या पाण्यात चालत असेल तर ग्रॅफाइटची दोरी टाळावी, कारण ग्रॅफाइट धातूचा गंज वाढवते.

नव्या पंपांत दोरीऐवजी मेकॅनिकल सील असते. त्यातून थेंब पडणे अपेक्षित नसते आणि ते आवळताही येत नाही. गळू लागले की बदलायचे. अनेक पंपांत सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये खाली एक बारीक भोक मुद्दाम सोडलेले असते. त्यातून पाणी येत असेल तर सील गेले, ग्रीस येत असेल तर बेअरिंगकडचे ऑइल सील गेले. हे भोक ‘इथून गळते आहे’ म्हणून बुजवणे घातक आहे, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जाते. जेट स्कीतल्या काही नमुन्यांत कार्बनची रिंग आणि रबरी भाता असतो. तिथे वाळूमुळे रिंगवर पडलेली खाच हे गळतीचे नेहमीचे कारण ठरते.

नवी दोरी किंवा नवे सील एका मोसमातच पुन्हा गळू लागले, तर दोष तिथे नाही. इंपेलरची पाती दगड खाऊन वेडीवाकडी झालेली असतात, बेअरिंग ढिले असते, किंवा इंजिन आणि पंप एका रेषेत नसतात. त्या थरथरीने शाफ्ट ग्लँडमध्ये डोलतो. अशा वेळी शाफ्ट हाताने वर-खाली दाबून खेळ पाहावा आणि इंजिनाचे माउंट तपासावेत.

दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी

ओ-रिंग, होज, क्लॅम्प, केबलीचे बूट आणि ड्रेनची चकती ही कामे घरी करता येतात. पाण्याखालच्या जोडणीला साधे सिलिकॉन वापरू नये. बोटींसाठीचे पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे, आणि पुढे कधी उघडावी लागेल अशा जागी कायमचे चिकटणारे नव्हे, तर काढता येणारे निवडावे. हात घालण्याच्या झाकणाची ओ-रिंग बदलायची असेल तर बोट पाण्याबाहेर असावी. बऱ्याच बोटींत ते तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेले असते, पण माणसे मागे बसली किंवा टाकी भरली की ते खाली जाते.

इनटेकचे गॅस्केट आणि ट्रान्समचे सील यांसाठी मात्र पंप बाहेर काढावा लागतो, परत बसवताना इंजिनाशी रेषा जुळवावी लागते, आणि हे काम त्याच पंपाची सवय असलेल्या मेकॅनिकवर सोपवणे शहाणपणाचे आहे. त्याला बोट देताना ‘पाणी येते’ एवढेच सांगू नये. कोणत्या अवस्थेत, किती वेळात, किती मिलिलिटर आले आणि पहिला टिश्यू कुठला भिजला, हे लिहून फोटोंसह द्यावे. त्यामुळे पंप उगीच उतरवला जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या तळाला तडा असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मगच वेल्डिंग करवून घ्यावे, नाहीतर तडा वेल्डच्या पुढे सरकतो.

दुरुस्तीनंतर चारही अवस्थांची तपासणी त्याच क्रमाने पुन्हा करावी. एकाच बोटीत दोन गळत्या असणे अगदी नेहमीचे आहे, आणि मोठी बंद झाल्यावरच लहान दिसू लागते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत थोड्या थोड्या वेळाने थांबून बिल्ज पाहावे, स्वयंचलित पंप पुन्हा जोडून त्याचा दिवा तपासावा, आणि नव्या दोरीची ग्लँड असेल तर पाना सोबत ठेवावा, कारण दोरी बसत जाते तशी तिला आणखी एखादी हलकी आवळणी लागते.